मन थाऱ्यावर आणण्याचे ध्यान : सतराव्या मजल्यावरून मुळे खाली कशी न्यावीत?

प्रश्न : मिठागराशेजारी

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर देणाऱ्यांना अंदाज येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी कांजूरमार्ग पूर्वेला एका इमारतीच्या सतराव्या मजल्यावर राहते आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी रुळांवर पाणी साचल्यामुळे आमची लोकल माटुंगा आणि शीव यांच्यामध्ये दीड तास उभी राहिली. मुंबईकराच्या आयुष्यात यात नवे काही नाही आणि त्या दिवशी मला काही झालेही नाही. डब्यातल्या बायकांनी मिळून दोन पुडे चिवडा संपवला आणि रात्री उशिरा का होईना, सगळ्या आपापल्या घरी पोहोचल्या. परंतु त्यानंतर महिनाभराने असे होऊ लागले की गाडी नुसती सिग्नलला थांबली तरी छाती धडधडते, हातपाय आपले नाहीत असे वाटते आणि पायाखाली काहीच नाही अशी एक पोकळ जाणीव होते. डॉक्टरांनी ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले. सगळे ठीक निघाले. श्वसनाचा आणि ‘ग्राउंडिंग’चा, म्हणजे मन थाऱ्यावर आणण्याचा, साधा सराव करून पाहा, असे त्यांनी सुचवले.

त्याप्रमाणे मी मोबाइलवर एक ॲप घेतले. त्यातला धीरगंभीर आवाज इंग्रजीत सांगतो की, तळपायांतून मुळे फुटत आहेत, ती फरशीतून खाली जात आहेत आणि पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत आहेत, अशी कल्पना करा. माझी पहिली अडचण हास्यास्पद आहे, पण ती खरी आहे. मी फरशीतून खाली जायला निघाले की पहिल्यांदा सोळाव्या मजल्यावरच्या काकूंचे स्वयंपाकघर लागते, त्यांचा पंखा लागतो, आणि पुढे दोन मजले पार्किंग. माझी मुळे तिथल्या गाड्यांमध्येच अडकून बसतात. दुसरी अडचण श्वासाची. चार अंक श्वास घ्यायचा, सात अंक धरायचा आणि आठ अंकांत सोडायचा, असे त्यात शिकवले आहे. पाच-सहा फेऱ्या झाल्या की माझे डोके हलके होते आणि ओठांभोवती झिणझिण्या येतात, म्हणजे ज्या लक्षणांची भीती वाटते तीच हजर होतात. तिसरी अडचण जागेची. घरी पलंगावर पडून हे सगळे करता येईलही, पण मला त्याची गरज कुर्ल्याच्या गर्दीत, एका हाताने कडी धरून उभी असताना लागते.

उपनगरातल्या एका वर्गातही मी दोनदा जाऊन आले. तिथे ही शंका विचारली तेव्हा ‘तुमची श्रद्धा कमी पडते आहे’ असे उत्तर मिळाले. कमी पडतही असेल; पण श्रद्धा वाढेपर्यंत काय करावे, हे कोणी सांगेल का?

उत्तर : रेचक_दादर

ताई, तुमच्या तीन अडचणींपैकी मधली, म्हणजे ओठ झिणझिणण्याची, आधी सोडवली पाहिजे, कारण ती तशीच ठेवून कितीही सुंदर कल्पना केली तरी मन थाऱ्यावर येणार नाही. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगितले की बहुतेक जण खांदे उचलून, छाती फुगवून मोठाच्या मोठा श्वास घेतात. वास्तविक शांत बसलेल्या प्रौढ माणसाला एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा पुरते. त्याच्या तिप्पट-चौपट हवा पुन्हा पुन्हा आत-बाहेर केली, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि डोके हलके होणे, ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे हे सगळे सुरू होते. माणसाला वाटते, हवा कमी पडली; म्हणून तो आणखी मोठा श्वास घेतो आणि आणखी बिघडवतो. त्यातच सात अंक श्वास धरून ठेवला की पुढचा श्वास हावरटासारखा घेतला जातो. कुंभक, म्हणजे श्वास धरून ठेवणे, ही पुढच्या पायरीची गोष्ट आहे आणि ती समोर बसलेल्या शिक्षकाकडून शिकायची असते; घाबऱ्या अवस्थेत तर ती मुळीच करू नये. तेव्हा तो सात आकडा उद्यापासून सोडून द्या.

त्याऐवजी नेहमीइतकाच श्वास नाकाने घ्या आणि फक्त रेचक, म्हणजे श्वास सोडणे, थोडे लांबवा. तीन अंक आत, चार अंक बाहेर, एवढ्यावर आठवडाभर राहा. सोपे वाटू लागले तर चार आणि सहा करा. एका फेरीला दहा सेकंद धरले तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेत असतो. मात्र सहाचा आकडा गाठण्याची शर्यत लावू नका. श्वास सोडून झाल्यावर पुढचा श्वास घाईने ओढावा लागला, तर आपण जास्त लांबवले असे समजावे आणि एक अंक कमी करावा.

रेचकच का लांबवायचा, हे कोणावर विश्वास ठेवून मान्य करण्याची गरज नाही. ते स्वतःच्या मनगटावर पाहता येते. अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून नाडी शोधा आणि डोळे मिटून सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. तरुण माणसात हा फरक चांगला स्पष्ट लागतो, माझ्या वयाच्या माणसात थोडा अंधूक. मेंदूतून हृदयाकडे जाणारा वेगस नावाचा मज्जातंतू श्वास सोडताना हृदयाला लगाम लावतो, म्हणून हे होते. माझ्या अनेक विद्यार्थिनींची ‘श्रद्धा’ या एका चाचणीने वाढलेली आहे. तुम्हाला त्या वर्गात जे सांगितले गेले ते मला मुळीच पटले नाही. शिकवणाऱ्याला उत्तर येत नसले की विद्यार्थ्याच्या श्रद्धेवर खापर फुटते, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

आता बसण्याविषयी. सुरुवातीला पलंग टाळा आणि पद्मासनाचाही हट्ट धरू नका. स्वयंपाकघरातली साधी, हात नसलेली खुर्ची घ्या. पाय अनवाणी, फरशीला पूर्ण टेकलेले. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पहिली दोन मिनिटे श्वासाकडे बघूच नका. टाच कुठे टेकली आहे, चवड्यावर किती भार आहे, करंगळी जमिनीला लागते की अधांतरी आहे, फरशी गार आहे की कोमट, एवढेच पाहा. मग बैठकीची दोन हाडे खुर्चीवर कुठे रुततात ते शोधा. उजवीकडे-डावीकडे किंचित डुलले की ती सापडतात. मांड्या, पाठ, खांदे अशा क्रमाने वर या. खांद्यांपाशी आल्यावर बहुधा लक्षात येते की ते कानांपर्यंत चढलेले आहेत. एका उच्छ्वासाबरोबर त्यांना खाली येऊ द्या. बळाने पाडू नका.

कल्पनाचित्र त्यानंतर आणायचे, आणि तेही फक्त श्वास सोडताना. मुळांचे चित्र वाईट नाही, पण ते आपल्या शरीराच्या ओळखीचे असेलच असे नाही. मी वर्गात दळणाचा डबा सांगते. गिरणीतून दहा किलोंचा डबा काखेत धरून आपण जिना चढतो आणि दाराशी आल्यावर तो जमिनीवर ठेवतो. त्या क्षणी खांद्याला, कमरेला आणि बोटांना जे जाणवते ते बायकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. श्वास सोडताना तो डबा खाली ठेवा. श्वास घेताना काहीही करू नका. डबा पुन्हा उचलायचा नाही, हे महत्त्वाचे. दहा-बारा श्वास, म्हणजे एकंदर दीड-दोन मिनिटे, दिवसातून दोनदा पुरेत.

कोणाजवळ बसून शिकायचे असेल तर मुंबईत जुन्या आणि शिस्तीच्या जागा आहेत. सांताक्रूझची योग संस्था १९१८ मध्ये सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची वाट पाडली. त्यांचे मरीन ड्राइव्हचे केंद्र १९३६ पासून आहे आणि फोर्टहून ते तुम्हाला सोयीचे पडेल.

उत्तर : बोअरलॉग

मी योगशिक्षक नाही. पायाभरणीपूर्वीची जमीन तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे प्रश्नातल्या सोळाव्या मजल्यावरच्या पंख्याने माझे लक्ष वेधून घेतले. ताई, तुम्ही मुळे चुकीच्या ठिकाणाहून खाली नेत आहात. स्लॅबच्या मधोमध भोक पाडून थेट खाली जायचे कशाला? तुमच्या इमारतीत खाली जाण्याचा रस्ता आधीच बांधून ठेवलेला आहे. तुमचे वजन खुर्चीवरून स्लॅबवर जाते, स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, आणि तो कॉलम सतरा मजले आणि पार्किंग ओलांडून पाइल कॅपवर, म्हणजे पायातल्या काँक्रीटच्या जाड ठोकळ्यावर, उतरतो. काकूंच्या स्वयंपाकघरात तोच कॉलम कोपऱ्यात उभा असतो. त्यांच्या पंख्याचा संबंध येत नाही. पाइल कॅपखाली पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, असतात आणि खाडीकाठच्या उंच इमारतींत ते सहसा कातळापर्यंत नेलेले असतात, नुसते टेकवलेले नव्हे तर कातळात सॉकेट करून रोवलेले. म्हणजे ‘माझा भार कातळावर जातो आहे’ ही तुमच्या बाबतीत कल्पना नाही; तुम्ही हे वाचत असतानाही तो तसाच जात आहे.

तुमच्या भागात खाली काय लागते, तेही सांगतो, कारण नुसते ‘पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत’ असे म्हटले की माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. बोअर, म्हणजे जमीन तपासण्यासाठीचे खोल भोक, घ्यायला सुरुवात केली की आधी भराव येतो : विटांचे तुकडे, खडी, कधी प्लास्टिक, कधी फुटक्या कपाचा कान. त्याखाली खाडीचा काळपट निळा सागरी चिखल, इतका मऊ की त्यात अंगठा सहज जातो, आणि त्याला एक विशिष्ट कुबट खारा वास असतो. मग पिवळसर घट्ट माती. मग मुरूम, म्हणजे झिजून सुटा झालेला दगड. आणि शेवटी काळा कातळ किंवा ब्रेक्सिया, म्हणजे दगडांचे तुकडे चिकटून झालेला खडक. दख्खनचा हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर तिथे त्याच काळातला लाव्हा उभ्या खांबांच्या रूपात उघडा पडलेला दिसतो.

थर किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी आम्ही साडेत्रेसष्ट किलोंचा हातोडा पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा टाकतो आणि खालची नळी तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतो. चिखलात दोनतीन ठोक्यांतच नळी उतरते. मुरमात ठोके वाढत जातात. पन्नास ठोके मारूनही ती पुरेशी उतरत नाही तेव्हा साइटवरचा मुकादम ओरडतो, ‘रिफ्युजल!’, म्हणजे जमिनीने नकार दिला, आणि आम्ही नोंदवहीत तसे लिहितो. उन्हात सकाळपासून उभ्या राहिलेल्या माणसांना त्या शब्दाने केवढे बरे वाटते, ते सांगता यायचे नाही, कारण आता खाली भरवशाचे काहीतरी आहे.

वरच्या उत्तरातली श्वासाची पद्धत मी या थरांना जोडून पाहिली. एका उच्छ्वासाला एक थर. पहिल्यात भराव, दुसऱ्यात चिखल, तिसऱ्यात पिवळी माती, चौथ्यात मुरूम, आणि पाचव्याला रिफ्युजल. तिथे थांबायचे. पुढचे पाच-सहा श्वास तिथेच टेकून घ्यायचे. गाभ्यापर्यंत जाण्याचे काही कारण मला दिसत नाही. तिथे सगळे तापलेले आहे.

उत्तर : मौनसाधक

वरील दोन्ही उत्तरे सद्हेतूने लिहिलेली आहेत, तरीही एक सावधगिरीची सूचना करणे मला कर्तव्य वाटते. मी विपश्यना परंपरेतला साधक आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीला केंद्र चालू आहे; तिथे शिकवल्या जाणाऱ्या आनापानात श्वास लांबवायचा नसतो, मोजायचा नसतो आणि त्याला कोणतेही चित्र किंवा शब्द जोडायचा नसतो. नाकपुड्यांच्या आतबाहेर आणि वरच्या ओठावरच्या लहानशा जागेत श्वास जसा येतो-जातो तसा जाणायचा, एवढेच. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. याचे कारण असे की कल्पना कितीही उपकारक असली तरी ती मनाने निर्माण केलेली असते आणि अडचणीच्या वेळी मन ती तितक्याच सहजपणे मोडूही शकते. श्वास मात्र निर्माण करावा लागत नाही. डबा, कॉलम, मुरूम या मार्गाने आराम मिळेल हे मी नाकारत नाही, पण त्याला ध्यान म्हणावे का, याविषयी मी साशंक आहे. निदान दोन पद्धतींची एकाच बैठकीत सरमिसळ करू नये.

उत्तर : रेचक_दादर

मौनसाधक यांचे म्हणणे त्यांच्या परंपरेपुरते बरोबर आहे आणि सरमिसळ करू नये हेही मला मान्य आहे. मात्र पतंजलींनी धारणेची व्याख्याच ‘देशबन्धश्चित्तस्य धारणा’ अशी केली आहे, म्हणजे चित्ताला एका जागी बांधणे. ती जागा नाकाचा शेंडा असू शकते, तशीच टाचही असू शकते. शिवाय कुर्ल्याला दारात लटकणाऱ्या गर्दीत ज्या बाईची छाती धडधडते आहे, तिला आधी उभे राहता आले पाहिजे. त्याला ध्यान म्हणायचे की नाही, हे नंतर ठरवता येईल.

पुन्हा : मिठागराशेजारी

सर्वांचे मनापासून आभार. कुंभक सोडल्यापासून ओठांच्या झिणझिण्या गेल्या, हा पहिला फायदा लगेच झाला. कॉलमची युक्ती वाचून मी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्याकडे, जिथे आजवर कुंडी ठेवण्याची अडचण एवढीच मला दिसत होती, वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. पण एक अडचण राहिलीच. खरे सांगायचे तर डोळे मिटल्यावर मला काहीही दिसत नाही. चिखल, मुरूम हे शब्द मनात उमटतात, चित्र उमटत नाही. नुसता काळोख असतो. हे माझ्या एकटीचेच आहे का?

उत्तर : कोराफळा

तुमच्या एकटीचे नाही. माझेही तसेच आहे आणि वयाच्या चाळिशीपर्यंत मला वाटत होते की ‘डोळ्यांसमोर आणा’ हा केवळ बोलण्याचा एक प्रकार आहे. इतरांना खरोखर काही दिसते हे कळले तेव्हा मी चकित झालो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्येच लोकांना त्यांच्या सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणायला सांगून ते किती स्पष्ट दिसते, असे विचारले होते, आणि काहींना काहीच दिसत नाही हे त्याच्या लक्षात आले होते. या स्थितीला अफँटेझिया हे नाव मात्र २०१५ मध्ये मिळाले. तो आजार नाही. पोहे कसे दिसतात हे मला पक्के माहीत असते. फक्त माझा फळा कोरा असतो.

माझ्या अनुभवाने सांगतो, या सरावात दिसणे हा भाग ऐच्छिक आहे. डब्याच्या उदाहरणातही दिसण्यासारखे फारसे नाही, जे आहे ते स्नायूंत आहे. मी चित्राच्या जागी स्पर्श आणि आवाज ठेवले. घरी बसताना दोन्ही तळहात मांड्यांवर उपडे ठेवतो आणि श्वास सोडताना हात जड होत आहेत एवढेच मनात म्हणतो. योहानेस शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरने १९३२ मध्ये मांडलेल्या ऑटोजेनिक प्रशिक्षणाची, म्हणजे स्वतःला सूचना देऊन शरीर सैल करण्याच्या पद्धतीची, सुरुवातच मुळी ‘माझा हात जड आहे’ या वाक्याने होते. तिथे चित्र आवश्यक नसते. दुसरा उपाय म्हणजे उच्छ्वासाबरोबर ओठ मिटून हलका हुंकार काढणे. भ्रामरी प्राणायामासारखाच, पण इतका बारीक की शेजारच्याला ऐकू जाऊ नये. छातीच्या हाडावर हात ठेवला तर तो कंप हाताला लागतो, आणि रेचक आपोआप लांबतो, अंक मोजावे लागत नाहीत.

लोकलमध्ये मी डोळे मिटतच नाही. मिटलेल्या डोळ्यांनी डब्याचे हेलकावे जास्त जाणवतात आणि पाकीटही सांभाळायचे असते. पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे ताठ न ठेवता उभा राहतो आणि गाडीचा हेलकावा कुठल्या पायावर येतो आहे ते ओळखत राहतो : डावा, उजवा, डावी टाच, दोन्ही. कडी धरलेल्या हाताकडे लक्ष गेले की बहुतेक वेळा मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळलेली असते. ती एका उच्छ्वासाला थोडी सैल करतो. मग डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तू मनातल्या मनात नाव घेऊन मोजायच्या, कानावर पडणारे तीन आवाज. ‘पुढील स्टेशन विद्याविहार’ हा एक आवाज तर रेल्वेच पुरवते.

उत्तर : परळची_समुपदेशक

व्यवसायाने मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून तीन गोष्टी थोडक्यात जोडते. पहिली, हा सराव चांगल्या वेळी, घरी, भीती नसताना रोज केला तरच तो गाडीत उपयोगी पडतो. बुडताना पोहायला शिकता येत नाही. दुसरी, काही लोकांना, विशेषतः पूर्वी मोठा आघात सोसलेल्यांना, डोळे मिटून शरीराच्या आत पाहिले की अस्वस्थता वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून बाहेरच्या वस्तूंकडे लक्ष द्यावे, श्वासाला हात लावू नये, आणि त्यात काही चुकले असे मानू नये. दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर श्वास धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

तिसरी गोष्ट मिठागराशेजारी यांच्यासाठी. गाडी टाळण्यासाठी तुम्ही उशिरा निघू लागला आहात का, मधल्याच स्थानकावर उतरता का, सुट्ट्या घेता का, याकडे लक्ष ठेवा. टाळाटाळ वाढत असेल, तर हा सराव एकटा पुरणार नाही. या प्रकारच्या भीतीवर समुपदेशनाचे उपचार चांगले लागू पडतात आणि ते लवकर सुरू केलेले बरे. प्रत्यक्ष भेटीपूर्वी बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुन्हा : मिठागराशेजारी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. समुपदेशक ताईंचा प्रश्न नेमका वर्मावर बसला. होय, मी दोनदा कुर्ल्याला उतरून गेले होते आणि ते मी इथे लिहिले नव्हते. एका समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

सरावात शेवटी काय राहिले ते सांगते. सकाळी चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अनवाणी बसते. तीन आणि पाचवर आले आहे. सहा अजून ओढूनताणून होतात. दळणाचा डबा मला लागू पडला नाही, कारण आमच्याकडे पीठ पुडक्यातून येते आणि डबा उचलल्याला वीस वर्षे झाली. कॉलम लागू पडला, पण दिसण्यामुळे नव्हे; मी खुर्ची त्या कोपऱ्यात नेली आहे आणि पाठीचा कणा कॉलमला टेकवून बसते. प्लास्टरचा गारवा दोन खांद्यांच्या मधोमध लागतो. त्या गारव्याच्या आधाराने एकेक उच्छ्वास खाली जातो आणि पाचव्याला मी मनात ‘रिफ्युजल’ म्हणते. मुलगा विचारतो, आई, तू रोज सकाळी कोणाला नकार देतेस?

खिडकीतून खाडीकडे कांदळवनाची हिरवी रेघ दिसते. रविवारी मुलाबरोबर ऐरोलीला जाऊन तिवरांच्या मुळाशी असलेला चिखल जवळून पाहिला. बोटभर उंचीची, पेन्सिलीसारखी शेकडो मुळे चिखलातून वर डोकावत होती. तिथल्या माहितीफलकाजवळच्या माणसाने सांगितले की ही श्वसनमुळे; चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते, आणि भरतीचे पाणी चढले की ओहोटीपर्यंत थांबते. ॲपमधला आवाज मुळे खाली खाली पाठवत होता आणि इथे ती वर आली होती. डोळे मिटल्यावर मला ती दिसत नाहीत, पण त्या चिखलाचा वास आठवतो. बोअरलॉग यांनी लिहिलेला तोच कुबट, खारा वास.

काल संध्याकाळी गाडी शीवच्या अलीकडे अकरा मिनिटे थांबली. पहिली चार मिनिटे काहीही जमले नाही. मग डाव्या टाचेवर भार आहे हे कळले, मूठ सैल केली, आणि कॉलम नव्हता म्हणून दाराजवळच्या स्टीलच्या दांड्याला पाठ टेकवली. तोही गार होता. धडधड गेली नाही, कमी झाली. मी कांजूरमार्गला उतरले.